माशांचाही बेणेमळा हवा
(शेततळे असलेल्या सभासदांसाठी)



उसाच्या नोंदीसाठी किंवा लागणीच्या पाहणीसाठी आम्ही शेतकी खात्याची माणसे शिवारात आलो की अलीकडे उसाच्या जोडीने आणखी एक विषय निघतो. बांधाला शेततळे असते, त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, पाणी काठोकाठ असते आणि सभासद विचारतो, "साहेब, ह्यात मासं सोडलं तर जमंल का? आणि एकदा सोडलं म्हंजे फुडं पिलं आपोआप व्हत्यात न्हवं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'जमेल' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे. हे 'नाही' का, ते नीट समजून न घेतल्यामुळे या कामात काही सभासदांचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले. कोणी जिऱ्याएवढे बी आणून दहा फूट खोल तळ्यात ओतले आणि दिवाळीत जाळे टाकले तर चार मासेसुद्धा लागले नाहीत. कोणी उन्हाळ्यात ऊस वाळतो म्हणून सगळे पाणी उपसले आणि अर्धा पाव वजनाचे मासे मिळेल त्या भावाने देऊन टाकले. दोन्ही ठिकाणी मेहनत कमी पडली नव्हती. बी कोणत्या वयाचे आणावयाचे आणि कोणत्या महिन्यात सोडावयाचे, एवढाच हिशोब चुकला होता. तेव्हा या अंकात खोडव्याची नेहमीची माहिती बाजूला ठेवून आपण हा हिशोब पाहू. आपल्यात माळकरी सभासद पुष्कळ आहेत. त्यांनी हे पान उलटून पुढे गेले तरी आमची काही तक्रार नाही.

मासे कोणते?

शेततळ्यासाठी कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे धरावेत. हे आपल्या देशातील नद्यांचे मासे असून त्यांची मूळ वस्ती मुख्यतः गंगेच्या व उत्तरेकडील नद्यांच्या खोऱ्यात आहे. आपल्याकडील धरणांत व तलावांत त्यांचे बी वर्षानुवर्षे सोडले गेले आणि आज बाजारात गिऱ्हाईक नाव घेऊन मागते ते याच माशांना. तिघांची पंगत वेगवेगळी बसते. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. म्हणून तिन्ही एकत्र सोडले तर एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेत नाहीत.

चंदेरा व गवत्या हे परदेशी मासे १९५९ साली आपल्या देशात आले. ते वाढीला जोरदार आहेत हे खरे; पण चंदेरा हा कटल्याच्याच ताटात जेवतो आणि बाजारात त्याला कटल्याचा भाव मिळत नाही. आमच्या मते छोट्या तळ्यात त्याची गरज नाही.

बंद पाण्यात पिले का होत नाहीत?

कटला, रोहू, मृगळ यांच्या मादीच्या पोटात तळ्यातसुद्धा अंडी तयार होतात. जून महिन्यात मादीचे पोट फुगलेले व मऊ लागते, नराचा कल्ल्याजवळचा पर खरखरीत होतो. म्हणजे सर्व तयारी झालेली असते. पण अंडी घालण्याची शेवटची पायरी मासा चढत नाही. त्याला पावसाळ्यातील नदीचा पूर लागतो. वाहते, गढूळ, ताजे पाणी काठच्या उथळ जमिनीवर पसरले की त्याच्या मेंदूखालील ग्रंथीतून रस सुटतो आणि मग नर-मादी जोडीने अंडी व मिल्ट सोडतात. तळ्यातील स्थिर पाण्यात हा इशाराच मिळत नाही. पोटातली अंडी पुढे तशीच जिरून जातात.

म्हणून पूर्वी या माशांचे सगळे बी नदीतून गोळा करीत. बंगालमध्ये पुराच्या पाण्याला बारीक जाळी लावून बी धरीत आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने लांबलांब पाठवीत. त्यात चांगल्या माशांच्या जोडीने शिकारी माशांचे बीही येई. काय आणले ते तीन महिन्यांनी कळे!

१९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी डॉ. अलीकुन्ही यांनी ही अडचण सोडविली. माशाच्याच डोक्यातील ती ग्रंथी काढून, वाटून, तिचा अर्क तयार नर-मादीला टोचला, आणि नदीचा पूर नसताना माशाने अंडी घातली. तो दिवस १० जुलैचा. म्हणून दरवर्षी १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आता ग्रंथी वाटत बसावे लागत नाही, तयार संप्रेरकाची बाटली मिळते. मादीला तिच्या वजनाच्या दर किलोला जातीप्रमाणे पाव ते अर्धा मिलिलिटर आणि नराला त्याहून कमी अशी सुई दिली जाते. सुई दिल्यावर काही तासांत मासा अंडी घालतो आणि चौदा ते अठरा तासांत त्यातून पिले निघतात. रोहूची एक किलोची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते.

हे वाचून कोणाला वाटेल की मग सुई आणू आणि आपणच करू. हात बसलेल्या माणसाला कापडी हाप्यात हे करता येते, यात शंका नाही. पण त्यासाठी दोन-तीन वर्षे वयाचे नर-मादी वर्षभर वेगळे सांभाळावे लागतात, पिलांना सतत प्राणवायू असलेले खेळते पाणी लागते, आणि एवढे करून निघणारे लाखभर जीव ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न राहतो. बीज केंद्रात गोल हौद असतो, त्यात पाणी सतत गोल फिरत ठेवतात आणि नदीच्या प्रवाहाचे काम त्या फिरत्या पाण्याकडून करून घेतात. हे काम केंद्रानेच करावे.

आपण उसाचे काय करतो? आपल्या उसाला तुरा येतो, म्हणून कोणी तुऱ्यापासून लागण करीत नाही. नव्या जातीचे संकर १९१२ सालापासून कोईमतूरला होत आले. आपण तेथून निघालेल्या जातीचे बेणे आणतो आणि आपल्या शेतात त्रिस्तरीय पद्धतीने बेणेमळा राखतो. माशाचेही तसेच धरावे. पैदास केंद्रात होऊ द्यावी, बेणेमळा मात्र आपल्या बांधावर असावा.

बियाचे वय

केंद्रावर गेल्यावर नुसते 'बी द्या' म्हणू नये. तीन दिवसांचे, जिऱ्याएवढे असते त्याला मत्स्यजिरे म्हणतात. पंधरा-वीस दिवसांनी ते इंचभर होते, त्याला मत्स्यबीज म्हणतात. पुढे दोन-अडीच महिन्यांनी तीन-चार इंच लांबीचे झाले की ती बोटुकली. मत्स्यजिरे सर्वांत स्वस्त असतात, आणि म्हणून सभासद तेच आणतो. परंतु चांगल्या तयार केलेल्या डबक्यातसुद्धा शंभर जिऱ्यांपैकी तीस-चाळीसच बीज होतात. मोठ्या तळ्यात सरळ सोडले तर पाणकिडे, बेडूक आणि आधीचे मासे त्यांचा फराळ करतात. मोठ्या तळ्यात सोडावयाची ती बोटुकलीच.

आता बोटुकली विकत घ्यावी की घरी करावी? पहिल्या वर्षी विकत घ्यावी आणि त्याच वर्षी घरचा बेणेमळाही सुरू करावा असे आमचे मत आहे. दुसऱ्या वर्षापासून बोटुकलीचा खर्च तर वाचतोच. पण खरा फायदा पैशाचा नसून वेळेचा आहे, तो पुढे सांगतो.

एक गुंठ्याचा बेणेमळा

विहिरीजवळ, जनावरे जात नाहीत अशा ठिकाणी, साधारण एक गुंठ्याचा मातीचा खड्डा काढावा. पाणी तीन ते चार फूट राहील इतका खोल असावा. काळ्या चिकण जमिनीत कागदाची गरज पडत नाही. मुरमाड जमीन असेल तर कागद घालून वर चार-सहा इंच माती पसरावी. जूनमध्ये खड्डा कोरडा करून तळाला भेगा पडेपर्यंत उन्हात तापू द्यावा. मग दोन ते तीन किलो कळीचा चुना फक्की करून सर्वत्र टाकावा. पुढे साठ ते शंभर किलो शेणखत टाकून फूट-दीड फूट पाणी घ्यावे. आठवड्याने पाणी हिरवट-तपकिरी दिसू लागले की पातळी वाढवावी. पांढऱ्या कपड्याचा तुकडा भांड्यावर ताणून त्यातून चार बादल्या पाणी गाळले आणि कपड्यावर बारीक हालणारे कण दिसले, म्हणजे पिलांचे जेवण तयार आहे असे समजावे.

खड्डा पूर्ण कोरडा होत नसेल तर त्यात आधीचे मासे, बेडूकमासे राहिलेले असतात. त्यांच्यासाठी मोहाची पेंड वापरावी. तीन फूट पाण्याला गुंठ्यास पंचवीस किलो पेंड भिजवून टाकली की नको असलेले मासे वर येतात आणि पंधरा-वीस दिवसांत तिचा विषारी गुण जाऊन तिचेच खत होते. यासाठी कीटकनाशक वापरल्याचे आम्ही ऐकले आहे. असे कोणीही करू नये.

यात मत्स्यबीज, म्हणजे इंचभराचे, दोन ते अडीच हजार सोडावे. पिशवी आणल्याबरोबर तोंड उघडून ओतू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून खड्ड्यातील पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिले आपणहून बाहेर जाऊ द्यावीत. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ धरावी. दुपारच्या उन्हात सोडलेली पिले पाण्याच्या उष्णतेच्या फरकाने दगावतात आणि दोष मात्र केंद्राला जातो.

खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंडीचे पीठ आणि तांदळाचा बारीक कोंडा, समभाग. पहिल्या आठवड्यात रोज मूठ-दोन मुठी पुरे. पुढे पिले वाढतील तसे वाढवत अडीच महिन्यांत रोज अर्धा-पाऊण किलोपर्यंत जावे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात द्यावे. चार दिवसांत पिले त्या वेळी तेथे जमू लागतात, म्हणजे रोजची हजेरीच होते. ज्या सकाळी कोपऱ्यात गर्दी नाही, त्या सकाळी पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजून आधी पाणी पाहावे, खाद्य नंतर. खड्ड्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या तर बगळा व खंड्या उतरत नाहीत. हे काम घरातील म्हातारी माणसे आणि शाळेतील मुले उत्तम करतात असा आमचा अनुभव आहे, मात्र मुलांना एकटे पाठवू नये.

साठ टक्के जगले तरी ऑक्टोबरअखेर दीड हजाराच्या आसपास बोटुकली तयार होते. सर्वसाधारण सभासद ती तेव्हाच मोठ्या तळ्यात सोडतो. आम्ही सांगतो की सोडू नका. ती त्याच खड्ड्यात, थोड्या दाटीत आणि अर्ध्या खाद्यावर, पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखा. खाद्य व जागा कमी असल्याने मासा लहान राहतो, पण वयाने वाढतो. वर्षाचा झाला तरी पाच-सहा इंच आणि तीस-चाळीस ग्रॅमचाच असतो. याला थोपवलेली बोटुकली म्हणतात. असा थोपवलेला मासा मोठ्या पाण्यात व भरपूर खाद्यावर गेला की उपाशी राहिलेल्या बैलाला हिरवा चारा मिळावा तसा झपाट्याने वाढतो. गुंठाभर खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी फार लागत नाही. चार फूट पाणी धरले तरी सव्वा लाख लिटरचाच मामला आहे आणि बाष्पीभवनाची भर विहिरीतून अधूनमधून घालता येते. वर्षभरात थोडी मर धरली तरी हजार-अकराशे नग हाती राहतात. तेवढे दोन सभासदांच्या तळ्यांना पुरतात. भावाभावांत किंवा बांधाला बांध लागून असलेल्या दोघांत एक खड्डा असावा.

उसाचे पाणी आणि माशाचे पाणी

आता वेळेचा मुद्दा. आपले शेततळे हे मुळात उसासाठी आहे. पावसाळ्यात भरते आणि मार्चनंतर कालव्याची पाळी लांबली की त्याच्याकडे हात जातो. ऑक्टोबरात सोडलेली बोटुकली थंडीत फारशी वाढत नाही. पाणी गार झाले की मासा खाणे कमी करतो. फेब्रुवारीत उष्णता वाढून तो अंग धरू लागतो आणि नेमकी तेव्हा आपली मोटार सुरू होते. ऊस जगवावा की मासा? कोणीही ऊसच जगवील, आणि आम्हीही तेच सांगू.

थोपवलेली बोटुकली जुलैमध्ये सोडली तर हा झगडाच होत नाही. जुलै ते नोव्हेंबर हे वाढीचे पाच उबदार महिने तिला भरलेल्या तळ्यात मिळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिमग्याच्या सुमारास, मासा विक्रीला येतो. तेव्हा गिऱ्हाईकही असते. (श्रावणात मासा काढला तर तो कोणाच्या दारात ठेवणार?) त्यानंतर तळे उपसण्यास तुम्ही मोकळे.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे एकास एक उताराचे तळे धरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी राहते. मासे असेपर्यंत त्यात पाच फूट, म्हणजे दीड मीटर पाणी राहिलेच पाहिजे. काठाच्या उतारामुळे वरच्या दीड मीटरमध्ये जास्त पाणी असते, म्हणून १२ लाख लिटर तरीही उसाला काढता येते. मोकळ्या पाण्याच्या एका पाळीला एकरी आठ सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन लाख लिटर धरले तर ते पावणेचार एकर एकदा भिजवील. ठिबक असेल तर आणखी पुरेल. काठावर दीड मीटरच्या पातळीला रंगाची ठळक खूण करून ठेवावी. मोटार चालू करणाऱ्या गड्याला शब्दाने सांगितलेले रात्री लक्षात राहत नाही, खूण दिसते.

या तळ्याचे क्षेत्र नऊ गुंठ्यांच्या आत आहे. यात पाचशे बोटुकली सोडावी. त्यात दोनशे कटला, दोनशे रोहू व शंभरच मृगळ. कागदाच्या तळ्यात गाळ नसतो, म्हणून मृगळ कमी. गाळ नसल्यामुळे नैसर्गिक अन्नही कमी तयार होते. शेणखत गोणपाटात भरून चारही कोपऱ्यांना दोरीने बुडवून ठेवावे आणि दर पंधरवड्याला बदलावे. हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसेनासा झाला तर अन्न बेताचे आहे. मनगटाच्या आतच दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवे झाले, खत ताबडतोब बंद करावे. ठिबकवाल्यांना हिरव्या पाण्याचा त्रास होतो, फिल्टर तुंबतो. उपसा तळातून किंवा अगदी वरून न घेता मधल्या थरातून घ्यावा आणि वाळूचा फिल्टर वरचेवर उलट पाण्याने धुवावा.

माशाच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य रोज द्यावयाचे. महिन्यातून एकदा फेकजाळे टाकून दहा-वीस मासे तोलावेत आणि त्यावरून हिशोब धरावा. पाचशेंपैकी चारशे हाती लागले आणि सरासरी सहाशे ग्रॅम भरले तर २४० किलो मासा होतो. त्याला साडेचारशे ते पाचशे किलो कोंडा-पेंड लागेल हेही लिहून ठेवावे. मासे 'फुकट' वाढत नाहीत. आपल्या बाजारातील पेंडीचा आणि माशाचा भाव घालून ज्याने त्याने कागदावर मांडणी करावी. उसाच्या बिलाची जागा हे उत्पन्न घेणार नाही. पण हंगामाच्या मध्यावर, दोन बिलांच्या दरम्यान घरात चार पैसे येतात, त्याची किंमत ज्याला पोरांची फी भरावयाची असते त्याला ठाऊक असते.

काय जाऊ द्यावयाचे नाही

उसावर आपण जी औषधे वापरतो त्यांतील काही माशांना अत्यंत मारक आहेत. हुमणीसाठी आळवणी करतो ते क्लोरपायरीफॉस व फिप्रोनिल, तसेच सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन या जातीची औषधे थेंबानेही तळ्यात जाता कामा नयेत. फवारणीचा पंप तळ्यात बुडवून भरू नये, तळ्याकाठी धुवू नये, रिकामी बाटली काठावर ठेवू नये. आळवणी केलेल्या शेताचे पावसाचे पाणी तळ्यात उतरत असेल तर चर काढून ते बाजूला वळवावे. युरिया विरघळवण्याची टाकीही दूर ठेवावी.

कारखान्याच्या माणसाने लिहावे की नाही, असे कोणी म्हणेल. पण मळी किंवा आसवनीतील स्पेंटवॉश पाण्याला खत म्हणून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्यातील साखर व सेंद्रिय द्रव्य कुजविणारे जिवाणू पाण्यातील सगळा प्राणवायू पिऊन टाकतात आणि मासा पाण्यात असून गुदमरून मरतो. नदीत असे पाणी उतरल्यावर मासे कसे तडफडून काठाला लागतात ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रेसमडचे कंपोस्ट चांगले, पण ते उसाला.

प्राणवायूची तूट दुसऱ्याही कारणाने पडते. सलग ढगाळ हवा असली की हिरव्या पाण्यातील वनस्पती दिवसा प्राणवायू कमी तयार करतात, रात्री मात्र सगळेच तो वापरतात. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले तर तेच झाले. त्या दिवशी खाद्य व खत बंद. मोटार लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. रात्रीची वीज नसेल तर बादलीने पाणी ढवळले तरी थोडा आधार होतो.

अंगावर चपटे, गोल, हालणारे किडे दिसले तर ती माशाची ऊ. लाल जखमा दिसल्या तर गुंठ्याला दोन किलो चुना निवळीसह सगळीकडे शिंपडावा आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला दाखवावे. बाजारातील कोणतीही बाटली आणून ओतू नये.

चिलापी आणि थाई मागूर

चिलापी हा आफ्रिकेतील मासा आपल्या देशात १९५२ साली आला. हा बंद पाण्यातही वर्षातून अनेकदा पिले घालतो. 'आपोआप पिले होतात' हे याच्याबाबतीत खरे आहे आणि तेच त्याचे वाईट आहे. वर्षभरात तळ्यात बोटभर लांबीच्या चिलापीचा बुजबुजाट होतो आणि पेंड तेच खातात. ओढ्याचे किंवा नदीचे पाणी तळ्यात घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी ती यासाठी.

आफ्रिकी, म्हणजे ज्याला थाई मागूर म्हणतात, त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा बजावल्यावर आपल्या राज्यात त्याचे साठे नष्ट करण्यात आले. तरीही कोणी 'लवकर वाढणारा मागूर' म्हणून बी दारात आणून देतो. घेऊ नये. तो शिकारी मासा आहे, घाणीतही जगतो, आणि तळे भरून वाहिले की ओढ्यातून नदीत जाऊन तेथील आपल्या माशांचा फडशा पाडतो.

ज्यांना घरच्या पाण्यात खरोखर पिले झालेली पाहावयाची आहेत त्यांच्यासाठी आपली मरळ आहे. पूर्वी विहिरीत, ओढ्याच्या डोहात ती हमखास दिसे. पाणवनस्पतींत जागा करून मरळीची जोडी अंडी घालते, अंडी पाण्यावर तरंगतात, दिवस-दोन दिवसांत पिले निघतात आणि आई-बाप त्या पिलांच्या घोळक्याची राखण करीत फिरतात. हे पाहण्यासारखे असते. मात्र मरळ दुसऱ्या माशांना आणि आपल्याच लहान भावंडांनाही खाते. तिला कटला-रोहूच्या तळ्यात कधीही सोडू नये. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत किंवा वेगळ्या खड्ड्यात ठेवावी.

दोन सूचना

कागदाच्या तळ्याचा उतार निसरडा असतो. पट्टीचा पोहणारासुद्धा आत पडला तर वर चढू शकत नाही. शेततळ्यात माणसे व मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. मासे सोडले की काठावर ये-जा वाढते, म्हणून आधी कुंपण, मग मासे. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला असावा आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब काठावर कायम असावी. ज्या तळ्याला हे नाही, त्या तळ्यावर आमच्या खात्याचा माणूस माशांबाबत सल्ला देणार नाही, असे आम्ही ठरविले आहे.

मत्स्यपालनालाही किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून लागू झाले आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज व अनुदानाबाबत काम सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. खड्डा काढून झाल्यावर अर्ज केला की कागदपत्रे जुळत नाहीत.

यंदा मत्स्यबीज आणावयाचे असेल त्यांनी जूनअखेरपर्यंत आपल्या गट ऑफिसात नाव, गट नंबर आणि खड्ड्याचे माप द्यावे. एका गावचे चार-पाच सभासद मिळून एकाच गाडीने बी आणले तर भाडे वाटून जाते आणि पिशव्या पहाटे पोचतात. नाव दिलेल्या सभासदाच्या खड्ड्यातील पाणी शेतकी मदतनीस आधी येऊन पाहील. हिरवटपणा आला नसेल तर त्याची पिशवी पुढच्या खेपेला येईल.